गोल किती मारले बे त्यानं?

२०२२ चा वर्ल्डकप. आम्ही तेव्हा फर्स्ट इयरला. नोव्हेंबरची २६ तारीख, रात्रीचे साडेबारा वाजलेले, म्हणजे खरं तर २७ च म्हणा. कॉमन रूममधल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर पन्नास-साठ पोट्टे ब्लँकेटं गुंडाळून बसलेले. अर्जेंटिना विरुद्ध मेक्सिको. अर्जेंटिना आधीची मॅच सौदीकडून हरलेली, त्यामुळे 'मेस्सी घरी जातो की काय' या काळजीत अख्खं हॉस्टेल. रेक्टर सरांनी 'आवाज झाला तर मेन स्विच ओढीन' अशी तंबी दिली होती आणि स्वतःच दारात उभे राहून मॅच बघत होते!

पहिला हाफ संपत आला होता. ४२ व्या मिनिटाला मेक्सिकोचा एक प्लेअर दुखापत होऊन बाहेर गेला. टीव्हीवर क्षणभर चेहरा दिसला. वयस्कर वाटला. 'गेला बुढा!' मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेला माझा रूममेट मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "आंद्रेस ग्वार्दादो होय तो. पाचवा वर्ल्डकप आहे त्याचा."

मी विचारलं, "गोल किती मारले बे त्यानं?"

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. पुढे ६४ व्या मिनिटाला मेस्सीनं गोल मारला, शेवटी एन्झो फर्नांडेझनं दुसरा मारला आणि जो काही गोंधळ झाला त्यात सर मेन स्विच ओढायचं विसरले. असो. माझा तो प्रश्न पुढे माझ्याच अंगावर येणार होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. पाच वर्ल्डकपमध्ये मिळून एक गोल. फक्त एक! २०१४ मध्ये क्रोएशियाविरुद्ध. आणि तरीही मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाकडून हा माणूस १८० च्या आसपास मॅचेस खेळला, तिथल्या पुरुष संघात त्याच्याआधी कोणी एवढ्या खेळलं नव्हतं. त्याच संघातला चिचारितो आपल्या सगळ्यांना माहीत, कारण त्याचे ५२ गोल. ग्वार्दादोचे तीसही नाहीत. मग २००६ पासून २०२२ पर्यंत, एवढे कोच बदलले, तरी प्रत्येकाला तो टीममध्ये का हवा होता?

थोडक्यात त्याची गोष्ट अशी. १९८६ चा जन्म, गाव ग्वादालाहारा. तिथल्याच ॲटलास क्लबमधून सुरुवात. २००७ मध्ये स्पेनला, देपोर्तिवो ला कोरुन्यात. मग व्हॅलेन्सिया. तोपर्यंत तो मैदानाच्या डाव्या कडेनं पळणारा, वेगावर जगणारा प्लेअर. २०१४ मध्ये हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोवनमध्ये गेला, तिथे कोचनं त्याला कडेवरून उचललं आणि मैदानाच्या मधोमध आणून ठेवलं. वय अठ्ठावीस. पीएसव्हीनं ओळीनं दोन वर्षं लीग जिंकली. पुढे रिअल बेटिसमध्ये सात वर्षं, २०२२ मध्ये स्पेनचा कोपा देल रे कप, मग परत मायदेशी आणि २०२४ मध्ये निवृत्ती. म्हणजे पाय मंदावले तेव्हा त्याची खरी दुसरी इनिंग सुरू झाली. कडेला पळायला पाय लागतात, मधे उभं राहायला डोकं लागतं!

आता मधे उभं राहणारा नक्की करतो काय? मित्रहो, मी शेतकऱ्याचा मुलगा. काटोलच्या बाजूलाच आमची संत्र्याची बाग. आपल्या मेसमध्ये संत्री येतात तेव्हा 'नागपुरी संत्रा' म्हणून आपण कौतुकानं खातो. पण त्या झाडाची मुळं संत्र्याची नसतात, हे किती जणांना माहीत आहे? खाली असतो जंबेरीचा खुंट. त्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. जमिनीतून पाणी ओढणं, झाड उभं धरणं, हे सगळं काम जंबेरीचं. फळाला नाव संत्र्याचं. बाजारात जाऊन 'जंबेरी चांगली होती हो' असं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. पण कलम घेताना माझे बाबा आधी खुंट बघतात, मग वरचा डोळा.

मिडफिल्डर म्हणजे ती जंबेरी. डिफेन्सनं अडवलेला बॉल त्याच्याकडे येतो. येण्याआधीच त्यानं मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवलेलं असतं. एका टचमध्ये बॉल मोकळ्या बाजूला. समोरचा पास देणार, तर हा त्या वाटेत आधीच जाऊन उभा. हेडर होऊन खाली पडलेला बॉल, ज्याच्यावर कोणाचंच नाव नसतं, तो बहुतेक वेळा याच्याच पायात. यातलं काहीही स्कोअरबोर्डवर येत नाही. आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर गाडी घेताना सगळे इंजिन किती सीसीचं ते विचारतात, गिअरबॉक्सबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. तो आठवतो गिअर अडकल्यावर!

तुम्ही म्हणाल, मेक्सिको लांब राहिलं, आपल्याकडे कोण? आहे ना. आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. नाव क्लायमॅक्स लॉरेन्स. नाव ऐकून हसू नका, खरंच हेच नाव आहे. १९७९ चा जन्म. गोव्याचा साळगावकर, कोलकात्याचा ईस्ट बंगाल आणि मग गोव्याचाच धेंपो स्पोर्ट्स क्लब, असा त्याचा प्रवास. जागा तीच, मैदानाच्या मधोमध.

धेंपोचा तो काळ भारतीय क्लब फुटबॉलमध्ये कोणालाही हेवा वाटावा असा होता. २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल फुटबॉल लीग, मग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग. आठ सीझनमध्ये पाच वेळा देशाचं विजेतेपद! २००८ मध्ये एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंत मजल. त्या संघातला रँटी मार्टिन्स फुटबॉलवाल्यांना आठवतो, कारण त्यानं २०११-१२ च्या एका लीगमध्ये ३२ गोल मारले. आठवायलाच पाहिजे. पण ते ३२ बॉल त्याच्यापर्यंत पोहोचले कसे? मधे क्लायमॅक्स होता, क्लिफर्ड मिरांडा होता, आणि पाचही विजेतेपदांत कोच एकच, आर्मांदो कुलासो. माझ्या मते खरी गोम इथे आहे. फॉरवर्ड तुम्ही पैसे टाकून एका सीझनमध्ये आणू शकता. मधली फळी मात्र वर्षानुवर्षं एकत्र खेळूनच तयार होते, कोण कुठे असेल हे न बघता कळायला लागतं तेव्हा.

आता भारताच्या संघाचं बघा. २००८ चा एएफसी चॅलेंज कप. जिंकणाऱ्याला थेट एशियन कपचं तिकीट, जिथे भारत १९८४ नंतर गेलाच नव्हता. फायनल दिल्लीत, ताजिकिस्तानविरुद्ध ४-१, सुनील छेत्रीची हॅटट्रिक आणि एक गोल बायचुंग भुतियाचा. ही हॅटट्रिक आजही सगळ्यांच्या तोंडी. पण त्या स्पर्धेची पहिली मॅच आठवून बघा. हैदराबाद, समोर अफगाणिस्तान. नव्वद मिनिटं संपली तरी ०-० च. इंज्युरी टाइममध्ये गोल झाला आणि भारत १-० नं सुटला. तो गोल कोणाचा? क्लायमॅक्स लॉरेन्सचा! नाव सार्थ केलं की नाही? गंमत बघा, ज्याचं काम गोल मारणं नाही, तो ज्या दिवशी कोणाकडूनच होत नव्हता त्या दिवशी गोल मारून गेला, आणि तरीही आठवणीत राहिली ती फायनल.

२०११ मध्ये दोह्याला भारत २७ वर्षांनी एशियन कप खेळला. क्लायमॅक्स त्या संघात होता. तिथे काय झालं हेही लपवायला नको. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. तीन मॅचमध्ये तेरा गोल खाल्ले. म्हणजे एकटा मधला माणूस काही चमत्कार करत नाही. त्याच वर्षी भुतिया निवृत्त झाला आणि कॅप्टनचा पट्टा क्लायमॅक्सच्या दंडावर आला. डिसेंबरमध्ये दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० हरवून भारतानं सॅफ चॅम्पियनशिप जिंकली आणि त्यानंतर लवकरच त्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं. तोपर्यंत वय तेहेतिशीला आलेलं. आपल्या कॉलेजमध्ये नव्वद टक्के पोट्ट्यांना हे नावही माहीत नसेल. मलाही नव्हतं. मला ते सांगितलं माझ्या रूममेटनं.

आता मुद्द्यावर येतो. हा रूममेट कामठीचा. कामठी म्हणजे आपल्या नागपूरकडचं फुटबॉलचं गाव. तिथे पोट्टे क्रिकेटच्या बॅटीआधी बॉलला लाथ मारायला शिकतात. हा आमच्या ब्रँचच्या टीममध्ये मधे खेळायचा. मी फॉरवर्ड आणि कॅप्टन. सेकंड इयरला इंटर-ब्रँचमध्ये आम्ही ओळीनं चार मॅचेस जिंकून फायनलला आलो. सात गोल मी मारले होते. मेसमध्ये ताट घेऊन निघालो की ज्युनियर पोट्टे 'भाऊ, भाऊ' करायचे. डोक्यात हवा जायला एवढं पुरे झालं.

फायनलच्या आदल्या रात्री टीम ठरवायला बसलो. फर्स्ट इयरचा एक पोट्टा जबरदस्त वेगवान होता. मला वाटलं, याला घेऊ, दोन फॉरवर्ड होतील, धुमाकूळ घालू. मग बाहेर कोणाला ठेवायचं? मी वही काढली. चार मॅचेसमध्ये रूममेटच्या नावापुढे गोल शून्य. मी त्याच्यासमोरच म्हणालो, "हे बघ, तुझे गोल तर नाहीत." तो म्हणाला, "बरं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीच्या पावसानं काळी माती बुटाला किलो-किलो चिकटत होती. मी पुढे उभा, तो वेगवान पोट्टा पुढे उभा आणि बॉल कुठे? बॉल सगळा वेळ आमच्याच अर्ध्यात. डिफेन्सवाले घाबरून लांब मारायचे, तो समोरच्यांकडे, ते पुन्हा आमच्या अंगावर. पूर्ण मॅचमध्ये माझ्या पायाला बॉल किती वेळा लागला असेल? चार. ३-० नं हरलो.

मॅच संपल्यावर मी गोलपोस्टला टेकून बसलो होतो. रूममेट मैदानात पडलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि बिब गोळा करत होता, खेळला नव्हता तरी. माझ्याजवळ आला तेव्हा मी विचारलं, "असं काऊन झालं बे?" तो शांतपणे म्हणाला, "चार मॅच तुह्याकडे बॉल कसा येत होता, हे तू कधी पायलंच नाही."

खरं सांगतो मित्रहो, व्हायवाला एक्स्टर्नलनं झापलं तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. कारण ते खरं होतं. माझ्या सातही गोलांच्या आधी बॉल त्याच्या पायातून आला होता. मी फक्त शेवटची लाथ मारली होती आणि वहीत शेवटची लाथच लिहिली जाते. त्यानंतर वर्षभर तो टीममध्ये आला नाही. भांडला नाही, रुसला नाही. अभ्यास आहे म्हणाला. के.टी. एकही नसलेला पोट्टा अभ्यासाचं कारण सांगतो, तेव्हा काय समजायचं ते समजून घ्या.

काही जण म्हणतील, "भाऊ, शेवटी मॅच गोलनंच जिंकतात ना?" बरोबर आहे. छेत्रीची हॅटट्रिक नसती तर ते तिकीट मिळालं नसतं. गोल मारणं ही वेगळी कला आहे आणि तिची टाळी तिला मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की, आपण मोजतो तेच आपल्याला दिसतं आणि दिसतं त्यावरून आपण टीम निवडतो. चूक निवडीत नंतर होते, आधी ती वहीत होते. ज्या वहीत एकच रकाना आहे, ती वही जंबेरी उपटून टाकायला सांगणारच.

आणि हे काही फुटबॉलपुरतं नाही. कबड्डीत रेडरला शिट्ट्या, कव्हरला खेळणारीनं पाय पकडला नसता तर काय झालं असतं, हे लेडीज हॉस्टेलच्या टीमला विचारा. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचंही तेच. चौघांचा ग्रुप. पीसीबीचं सोल्डरिंग एकानं केलं, रात्र रात्र जागून रिपोर्ट एकानं टाइप केला, प्रेझेंटेशन दिलं मी, कारण मला 'बोलता येतं'. मार्क कोणाला जास्त पडले असतील ते सांगायला नको. गॅदरिंगला स्टेजवरच्या नाटकाला बक्षीस, मागे पडदा ओढणाऱ्याला समोसाही उरत नाही! आणि लांब कशाला जायचं? नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, 'स्लम सॉकर' उभं केलं. त्यांचं नाव आपल्या मेसच्या टेबलावर निघालं कधी? २०२२ मध्ये 'झुंड' आला आणि अमिताभ बच्चननं त्यांचं काम केलं, तेव्हा.

आणखी एक गोष्ट. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो २०२४-२५ ला. एवढी पाच विजेतेपदं असलेला क्लब आठ वर्षं बाहेर! मधली फळी तयार व्हायला वर्षं लागतात आणि मोडायला एक निर्णय पुरतो. आमच्या ब्रँचच्या टीमचीही मधली फळी मोडायला एक रात्र आणि एक वही पुरली होती.

तर नुसतं तत्त्वज्ञान नको म्हणून तीन सूचना करतो. जिमखान्यानं विचार करावा ही विनंती.

एक, यंदाच्या इंटर-ब्रँचमध्ये प्रत्येक मॅचला बाउंड्रीवर एक पोट्टा वही घेऊन बसवा. गोल लिहाच, पण गोलच्या आधीचा पास कोणाचा, समोरच्याचा बॉल कोणी किती वेळा तोडला, हेही लिहा. फार अवघड नाही, जर्नल कॉपी करण्यापेक्षा सोपं आहे!

दोन, 'बेस्ट प्लेअर' दरवर्षी गोल मारणाऱ्यालाच जातो. त्याच्या जोडीला मधल्या फळीसाठी एक बक्षीस ठेवा. ट्रॉफीचे पैसे नसतील तर मी आमच्या बागेतली संत्र्याची पेटी देतो.

तीन, ही सूचना सरांसाठी, रागावू नका. प्रोजेक्टच्या व्हायवात 'एक्स्प्लेन' म्हणायच्या आधी 'यातलं कोणी काय केलं' हे चौघांना वेगवेगळं विचारा. आमच्यासारख्या बोलणाऱ्यांची थोडी पंचाईत होईल, होऊ द्या.

आता आम्ही फायनल इयरला आहोत. ही शेवटची इंटर-ब्रँच. मागच्या महिन्यात मी रूममेटला म्हटलं, "या वेळी कॅप्टन तू हो. टीम तू निवड. मला बाहेर बसवलं तरी चालेल." तो जर्नल पूर्ण करत होता. मान वर न करता म्हणाला, "आधी बॉलमधी हवा भर. पंप बिघडून राह्यला दोन महिन्यांपासून."

पंप मी नागपूरहून नवीन आणला आहे. टीमची यादी पुढच्या आठवड्यात मेसच्या नोटीस बोर्डवर लागेल. कॅप्टन म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. आणि मॅचला आलात तर एकदा तरी बॉलवरची नजर काढून मधे उभ्या असलेल्या त्या पोट्ट्याकडे बघा, बॉल यायच्या आधी तो मान कुठे वळवतो ते.